कारवानी: शिकारीच्या माळावरून नागपूरच्या फ्लॅटमध्ये

कारवानी ही दख्खनची शिकारी कुत्र्याची जात पाळण्याचा विचार आता नागपूरची शहरी कुटुंबंही करू लागली आहेत, म्हणून ही थोडी पार्श्वभूमी.

व्यापारी तांड्यांसोबत मध्य आशियाकडून हे कुत्रे दख्खनेत आले, असं मानतात. पुढे लातूर, सोलापूर, धाराशिवच्या माळांवर ते ससे धरत आणि शेत राखत राहिले. कानाशेपटीला लांब केस असलेला तो पश्मी, गुळगुळीत अंगाचा तो कारवानी.

घोळ आहे तो नावाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटकातल्या मुधोळच्या संस्थानिकांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या राजाला भेट दिली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झालं. 2005च्या टपाल तिकिटावर तेच नाव आलं, 2016मध्ये सैन्याने प्रशिक्षणासाठी मेरठला नेले तेही मुधोळ म्हणूनच, आणि पुढे राष्ट्रीय जाती-नोंदणीतही तेच राहिलं. श्वानप्रेमींच्या एका संस्थेत मात्र आजही कॅरॅव्हान हाउंड (म्हणजे कारवानीच) अशी नोंद होते, तर दुसरीत मुधोळ. मुधोळजवळच्या तिम्मापूरला या कुत्र्यांचं संशोधन केंद्र उभं राहिलं, हे मुधोळकरांचं श्रेय मोठंच. तरीही ज्या मेंढपाळांनी आणि शेतकऱ्यांनी हा वंश जगवला, त्यांच्या तोंडचं नाव सरकारी कागदावर नसावं, हा अन्याय वाटतो. शिवाय दोन नावांच्या गोंधळात कोणतंही हडकुळं, लांब पायांचं पिल्लू चढ्या भावाने खपवणं सोपं जातं. पिल्लू घेताना त्याचे आईबाप समोर आणायला सांगावं.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचं काम गेलं, पण नजर तीच राहिली. हलतं काही दिसलं की हा धावतो, आणि मग हाक ऐकत नाही. अंबाझरी, गोरेवाडा परिसरात तर दोरी सोडूच नये. रोज मोकळं धावायला कुंपण असलेलं मैदान मिळालं, तर घरात तो दिवसभर शांत पडून राहतो. बरगड्या दिसतात म्हणून शेजारी हळहळतील; पण अंगकाठीच तशी आहे, पोळी-दूध घालून फुगवू नये. केस तोकडे असले तरी मे महिन्यात पारा पंचेचाळीशी ओलांडतो तेव्हा डांबरावर पंजे भाजतात, म्हणून फिरणं उजाडायच्या आतच. मुलं, पाहुणे, कामाच्या मावशी यांची सवय पिल्लू असतानाच लावावी, नाहीतर मोठेपणी परक्याचा हात अंगाला लागलेला त्याला खपत नाही.