मागील उष्ण काळ नेमका केव्हा सुरू झाला?

आपण राहतो आहोत त्या उष्ण काळाआधी एक हिमयुग होते आणि त्याच्याही आधी असाच एक उष्ण काळ होऊन गेला. सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या त्या काळात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 6 ते 9 मीटर वर होती. तो नेमका केव्हा सुरू झाला हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञ कित्येक दशके झटत आहेत, कारण हिमयुगे कशामुळे संपतात याचा निवाडा बराचसा त्या एका तारखेवर अवलंबून आहे.

पुरावा समुद्रतळाच्या गाळात आहे. लांब पोकळ नळी तळात रुतवून गाळाचा जो उभा स्तंभ वर काढतात, त्याला गाभा म्हणतात. त्यात फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचे थरांवर थर साचलेली असतात. हिमयुगात हलका ऑक्सिजन-16 बर्फात अडकून पडतो आणि समुद्रात जड ऑक्सिजन-18 चे प्रमाण वाढते. कवचांमध्ये हा फरक नोंदला जातो, त्यामुळे बर्फ कोणत्या थरापाशी वितळू लागले ते स्पष्ट दिसते.

दिसत नाही ते त्या थराचे वय. किरणोत्सारी कार्बनची पद्धत सुमारे 50,000 वर्षांपलीकडे निरुपयोगी ठरते, तर गाळात काळाची खूण म्हणून उमटलेली पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची शेवटची अदलाबदल जवळपास 7,80,000 वर्षांपूर्वीची, म्हणजे फारच मागची आहे. हेज, इंब्री आणि शॅकल्टन यांनी 1976 मध्ये गाभ्यांमधील चढउतारांत पृथ्वीच्या कक्षेची आणि अक्षाची आवर्तने दाखवून दिली; या आवर्तनांनुसार कोठे, कोणत्या ऋतूत किती सूर्यप्रकाश पडतो ते बदलते. त्यानंतर त्या आवर्तनांशी गाभ्याचे थर जुळवून वय ठरवण्याची रीत रूढ झाली आणि या उष्ण काळाची सुरुवात सुमारे 1,28,000 वर्षांपूर्वी मानली जाऊ लागली. मात्र उत्तर गोलार्धातील उन्हाळी सूर्यप्रकाश वाढल्यामुळे हिमयुग संपते हे गृहीत धरून तारीख काढायची आणि त्याच तारखेने ते गृहीतक सिद्ध करायचे, हे तर्काला धरून नाही. त्यासाठी स्वतंत्र घड्याळच हवे.

असे घड्याळ बहामा बेटांलगतच्या उतारांवर सापडले. तेथील उथळ समुद्रात ॲरागोनाइट या चुनखडीच्या खनिजाचे बारीक कण तयार होतात आणि लाटा-प्रवाहांबरोबर वाहत उतारावर साचतात. हिमयुगात पातळी खाली गेली की हे उथळ पठार उघडे पडते आणि कणांचा पुरवठा आटतो, म्हणजे गाळाची घडणसुद्धा पातळीची कहाणी सांगते. युरेनियम समुद्राच्या पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे ताज्या ॲरागोनाइटमध्ये युरेनियम असते, थोरियम नगण्य असते. पुढे युरेनियमच्या ऱ्हासातून थोरियम-230 साठत जाते आणि त्याच्या प्रमाणावरून वय काढता येते. अडचण एवढीच की पाण्यातील युरेनियमपासून बनलेले थोरियमही खाली पडणाऱ्या कणांना चिकटून गाळात येते आणि हा आगंतुक वाटा वजा करावा लागतो. वर पाण्याचा थर जितका कमी, तितका हा वाटा कमी, म्हणून खोल समुद्रापेक्षा असे उतार अधिक सोयीचे.

हेंडरसन आणि स्लोवी यांनी 2000 साली या पद्धतीने हिमयुग ओसरण्याचा मध्यबिंदू 1,35,000 वर्षांपूर्वीचा असल्याचे दाखवले, 2,500 वर्षे इकडेतिकडे धरून. ही तारीख उत्तरेकडील सूर्यप्रकाशाच्या शिखराच्या बरीच आधीची आहे. दुसरीकडे चीनमधील डोंग्गे गुहेतील चुनखडीचे स्तंभ, ज्यांचे वयही युरेनियम-थोरियमनेच काढले आहे, तेथील मान्सून सुमारे 1,29,000 वर्षांपूर्वी एकदम जोमदार झाल्याचे सांगतात.

माझ्या मते यातील एक तारीख खरी आणि दुसरी खोटी असे समजण्याची घाई करू नये. बर्फ वितळणे, समुद्र चढणे, पाऊस वाढणे आणि अरण्ये पसरणे या वेगवेगळ्या घटना आहेत, त्या एकाच दिवशी सुरू होत नाहीत. पोर्तुगालच्या किनाऱ्यालगतच्या एका गाभ्यात तळाच्या फोरॅमिनिफेरांची कवचे आणि जमिनीवरील झाडांचे परागकण एकाच गाळात मिळाले. त्यामुळे कशाआधी काय घडले हे ठरवायला तिथे कोणत्याही घड्याळाची गरज पडली नाही. कवचांतील उष्ण काळ सुरू होऊन गेल्यावर, गाभ्याच्या कालमापनानुसार सुमारे 6,000 वर्षांनी, तेथील गाळात उष्ण काळातील अरण्यांचे परागकण भरभरून दिसू लागतात.