टेबलटॉप आरपीजीच्या लढाईत स्टेटस इफेक्टचा हिशोब

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये (टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन फाशांनी खेळायचा खेळ) मारामारी चालू असताना कोणावर काय लागलंय (विष, भीती, आंधळेपणा, आडवं पडणं, क्लेरिकने, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणाऱ्या पात्राने, दिलेला आशीर्वाद) आणि ते कधी सुटणार याची नोंद ठेवणं म्हणजे स्टेटस ट्रॅकिंग. एचपी, म्हणजे उरलेला जीव, विसरत नाही कोणी, तो आकडा आहे, मार बसला की लगेच शीटवर खोडून नवा लिहिला जातो. कंडिशनचं, म्हणजे अशा लागलेल्या अवस्थेचं, तसं नाही, ती पुढच्या प्रत्येक फाशावर परिणाम करते आणि मधे पाच जणांचे टर्न झालेले असतात, त्यामुळे ती डोक्यातून निघून जाते.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा यातला नावाजलेला गेम १९७४ साली आला. त्याच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या नियमांत, एकूण १५ कंडिशन आहेत. काही साध्या आहेत, पॉइझन्ड असाल तर अटॅक आणि अ‍ॅबिलिटी चेकला डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे डी२० हा वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून छोटा आकडा घ्यायचा (अ‍ॅडव्हान्टेजला मोठा), विषय संपला. काहींना मात्र दोन बाजू असतात. प्रोन, म्हणजे आडवं पडलेल्याला ५ फुटांच्या आतून मारणाऱ्याला अ‍ॅडव्हान्टेज मिळतं पण लांबून बाण मारणाऱ्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि उठायला निम्मी चाल खर्च होते. फ्राइटन्ड असताना ज्याची भीती बसलीय तो दिसत असेल तरच डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि त्याच्या जवळ स्वतःहून जाता येत नाही. म्हणजे 'घाबरलाय' एवढं लिहून भागत नाही, कोणाला घाबरलाय ते पण लागतं.

खरी अडचण शेवटाची असते. इफेक्ट लागताना सगळं टेबल बघत असतं, आरडाओरडा होतो, त्यामुळे तो लागलाय हे लक्षात राहतं, सुटायची वेळ मात्र गुपचूप निघून जाते. आणि सुटायच्या तऱ्हा किती. काही वेळेवर संपतात, एक राऊंड (सगळ्यांचा एकेक टर्न) ६ सेकंदांचा म्हणून १ मिनिट म्हणजे १० राऊंड, आणि बहुतेक लढाया त्याच्या आधीच आटोपतात. काहींना दर टर्नच्या शेवटी सेव्ह, म्हणजे सुटायसाठी एक फासा, मिळतो. काही 'पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत' असतात, तिथे कोणाच्या टर्नच्या, ज्याने टाकला त्याच्या की ज्याला लागला त्याच्या, यावर हमखास वाद होतो. प्रोनला तर वेळच नाही, उठेपर्यंत पडून.

एक उदाहरण नीट बघू. क्लेरिकने पहिल्या राऊंडला ब्लेस हा आशीर्वादाचा स्पेल टाकला, तिघांना अटॅक आणि सेव्हला जादा डी४ (चार बाजूंचा फासा). दुसऱ्या राऊंडला तिने डाकूंच्या म्होरक्यावर होल्ड पर्सन, म्हणजे जागीच जखडून ठेवणारा स्पेल, टाकला. दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेल चालू ठेवायला सतत लक्ष, लागतं आणि ते एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येतं, म्हणजे होल्ड पर्सन टाकायला घेतलं तिथेच ब्लेस संपलं. टेबलावर मात्र तिघंही डी४ टाकत राहतात, कारण फासा हाताशी असतो आणि सवय झालेली असते. म्होरक्या पॅरलाइझ झाला, आता ५ फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (क्रिट), म्हणजे जादा डॅमेजचा. मग एका धनुर्धाऱ्याने क्लेरिकला २६ डॅमेज दिलं. कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह १० किंवा डॅमेजच्या निम्मा, दोन्हींत जो मोठा, म्हणून इथे १३. तिला ९ पडले. म्हणजे म्होरक्या त्याच क्षणी मोकळा, राऊंडच्या मधेच, त्याचा टर्न यायच्या आधी. त्याच्यावरचा मार्कर आत्ताच्या आत्ता काढला नाही तर पुढचा फायटर फुकटचं क्रिट मारून जाणार, आणि नंतर ते मागे फिरवणं सगळ्यांनाच जड जातं. म्हणून लागलेल्यावर एक आणि टाकणाऱ्यावर एक अशा जोडीने खुणा ठेवाव्यात, एकच रंग, टाकणाऱ्याची पडली की दुसरी पण उचलायची.

सगळ्या गेमचं गणित सारखं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीत, २००८ ची, बऱ्याच इफेक्टना टर्नच्या शेवटी डी२० वर १० किंवा जास्त आले की सुटका, पण छोटे इफेक्ट इतके असायचे की एकेका मिनीभोवती (पात्राची छोटी मूर्ती) टोकनांचा ढीग व्हायचा. पाथफाइंडर या दुसऱ्या गेमच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०१९ ची, बऱ्याच कंडिशनना आकडा असतो. फ्राइटन्ड २ असेल तर टर्नच्या शेवटी १ वर येतो, मग जातो. तिथे मिनीच्या बाजूला छोटा डी६ ठेवून तो फिरवत राहणं सगळ्यात सोपं. थकव्याचंही तसंच, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत सहा पायऱ्या आणि सहाव्या पायरीला मरण, २०२४ च्या नव्या नियमांत सहावी तशीच पण मधल्या प्रत्येक पायरीला डी२० वर उणे २ आणि चाल ५ फुटांनी कमी.

सामान काय वापरायचं यात परदेशी टेबलांवर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाखालची प्लास्टिकची रिंग प्रसिद्ध आहे, ती मिनीच्या गळ्यात घालतात. आपल्याकडे पण चालते, पण माझ्या मते टिकली जास्त बरी. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात टिकल्यांची पाकिटं आणि रंगीत मणी स्वस्तात मिळतात, टिकली मिनीच्या बेसवर चिकटते, रंगवलेल्या अंगाला हात लागत नाही आणि जागाही खात नाही. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या फ्लॅटमधलं डायनिंग टेबल सहा जण, शीटा, नकाशा आणि चहाचे कप यातच भरून जातं, त्यामुळे जागेचा विचार करावाच लागतो. दुमडून उभी करायची कागदी कार्डं छान दिसतात पण उन्हाळ्यात पंखा पाचवर असतो, एका झोतात तीन कार्डं जमिनीवर. लॅमिनेट करून घेतली तर टिकतात. रंग पाच-सहाच ठेवा, ट्यूबलाइटखाली निळा आणि जांभळा सारखाच वाटतो, आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांच्यासाठी टिकलीवर मार्करने एक अक्षर काढलं तर काम होतं.

पण सामानापेक्षा इनिशिएटिव्हच्या, म्हणजे कोणाचा टर्न कधी याच्या, यादीचा उपयोग जास्त. छोट्या व्हाइटबोर्डवर टर्नचा क्रम लिहायचा आणि इफेक्ट ज्याला लागला त्याच्यासमोर न लिहिता ज्याच्या टर्नला सुटणार त्याच्या नावाखाली लिहायचा, आणि सुरुवातीला की शेवटी तेही. मग त्या नावावर आलो की तो आपोआप डोळ्यासमोर येतो, कोणाला आठवत बसावं लागत नाही. हे एवढं केलं तरी अर्धे वाद मिटतात.

बोर्ड डीएमकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे, देऊ नये. त्याच्याकडे चार-पाच राक्षस, त्यांचे एचपी, त्यांची अक्कल, सगळं एकट्याकडे असतं. बोर्ड एका खेळाडूकडे, कॉन्सन्ट्रेशन ज्याचं त्याच्याकडे, आणि टर्न सुरू करताना प्रत्येकाने मोठ्याने बोलायचं, "माझा टर्न, मी पॉइझन्ड आहे, ब्लेस नाहीये." नवीन कोणी असेल तर शेजारच्याने विचारावं, "अरे, सेव्ह टाकलास का?" यात कोणाला चुकीत पकडायचा हेतू नसतो.

ऑनलाइन खेळताना रोल२० किंवा फाउंड्री या सॉफ्टवेअरमध्ये टोकनवर आयकॉन लावता येतात, तिथे मिनी आणि टिकल्यांचा प्रश्नच नाही. पण आयकॉन लावणं-काढणं आठवणीने करावंच लागतं, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवय तिथेही ठेवावी.

लढाई अर्धवट थांबली तर वेगळीच पंचाईत. ऐरोली, वाशीहून आलेल्यांना ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची असते आणि राऊंड मधेच राहतो. अशा वेळी नकाशाचा आणि बोर्डचा असे दोन फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावेत, आणि खाली लिहावं कितवा राऊंड, पुढचा टर्न कोणाचा, कोणाचं कॉन्सन्ट्रेशन कशावर, कोणाचे किती राऊंड उरलेत. टिकल्या मात्र काढून ठेवा, पुढच्या रविवारपर्यंत मिनी डब्यात एकमेकांना घासतात आणि कुठली कोणाची ते कळत नाही.