ड्रग कोर्ट आणि एनडीपीएस कोर्ट : नावात गल्लत करू नका

परवा रात्री जेवण झाल्यावर गंगावेशीत दूध प्यायला गेलो होतो, तिथं आमचा एक दोस्त म्हणाला की अमेरिकेत नशेवाल्या पोरांना जेलात न टाकता वेगळ्या कोर्टात नेऊन सुधारतात म्हणं, तसलं कोर्ट आपल्याकडं पण हाय की, एनडीपीएस कोर्ट. आता २०२५ च्या ऑगस्टात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून कोल्हापुरात जो तो अर्धा वकील झालाय त्यामुळं मी आधी हसलो, पण ही गल्लत बऱ्याच शिकलेल्या लोकांची पण होते म्हणून लिहितोय.

आधी आपलं बघू. एनडीपीएस हा गांजा-हेरॉइनसारख्या नशेच्या मालाविरुद्धचा कायदा १९८५ चा, आणि त्यातली स्पेशल कोर्टं, म्हणजेच एनडीपीएस कोर्टं, आली १९८९ च्या दुरुस्तीनं. ही कोर्टं खटले लवकर निकाली लागावेत आणि शिक्षा कडक व्हावी म्हणून आणली, त्याच दुरुस्तीत काही गुन्ह्यांना दुसऱ्या वेळी फाशीचं कलम पण घातलं, म्हणजे मूड काय होता बघा. या कोर्टात सगळा खेळ वजनाचा. गांजा १ किलोपेक्षा कमी असला तर स्मॉल क्वांटिटी, २० किलोपेक्षा जास्त असला तर कमर्शियल. हेरॉइनला ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, आणि हल्ली जिचं नाव सारखं पेपरात येतं त्या एमडीला, म्हणजे मेफेड्रोनला, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. स्मॉलला जास्तीत जास्त १ वर्ष किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, कमर्शियलला कमीत कमी १० वर्षं, आणि तिथं कलम ३७ मुळं जामीन मिळता मिळत नाही. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत. म्हणून तर वकील पंचनाम्यातल्या वजनावर तासन् तास भांडत बसतात, गांजा म्हणजे कायद्यात झाडाचे शेंडे, नुसती पानं आणि बिया धरत नाहीत, मग पोलिसांनी पोत्यातलं काय काय तोललं हे विचारायचं. आरोपी स्वतः ओढतो का विकतो, रात्री झोप लागते का, घरात काय चाललंय, हा विषय तिथं निघतच नाही.

आता तिकडचं ड्रग कोर्ट. पहिलं सुरू झालं फ्लोरिडात मायामीला, गंमत म्हणजे त्याच १९८९ साली. कोकेनच्या केसेसनी जेल भरले होते, तीच ती पोरं सुटायची आणि परत आत यायची, म्हणून तिथल्या लोकांनी वेगळा रस्ता काढला. यात सरकारी वकील, आरोपीचा वकील, प्रोबेशन ऑफिसर म्हणजे बाहेर सोडलेल्या आरोपीवर लक्ष ठेवणारा, उपचार करणारे असे सगळे जजबरोबर एका टीमसारखे बसतात, उलटतपासणी बिलतपासणी काय नाही. आरोपीनं स्वतः हो म्हणायचं, बऱ्याच ठिकाणी आधी गुन्हा कबूल करायचा, मग वर्षभर किंवा त्याहून जास्त उपचार, कधीही बोलवून लघवीची टेस्ट, आणि सुरवातीला दर आठवड्या-पंधरा दिवसांनी त्याच जजसमोर उभं राहायचं. जज नावानं हाक मारून विचारतो, नोकरी लागली का, आईशी बोललास का. चांगलं चाललं असेल तर भर कोर्टात टाळ्या, टेस्ट चुकवली किंवा खोटं बोलला तर दोन-चार दिवस आत. पूर्ण केलं तर केस रद्द होते किंवा शिक्षा कमी. आणि नुसतं माल सापडलेलेच नाहीत, नशेच्या पैशासाठी चोरी केलेल्यांना पण बऱ्याच ठिकाणी घेतात, मारहाण-खूनवाल्यांना मात्र बहुतेक नाही.

लगेच डोक्यावर घेऊ नका पण. मधेच गळाला की मूळ शिक्षा डोक्यावर हायच, आणि गुन्हा तर आधीच कबूल केलाय. शिवाय काही जजांनी डॉक्टरनं चालू केलेलं मेथाडोनसारखं औषध पण बंद करायला लावलं होतं, म्हणजे नशा सोड म्हणायचं आणि सोडायला मदत करणारी गोळी पण काढून घ्यायची. मला हे काय पटत नाही, जजनं जजचं काम करावं.

आता जे कट्ट्यावर कुणाला माहीत नव्हतं ते. स्वतःपुरता थोडा माल सापडलेल्या पोराची केस आपल्याकडं बहुतेक वेळा स्पेशल कोर्टात जातच नाही, ३ वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे तिकडं, ही छोटी केस साध्या मॅजिस्ट्रेटकडं. आणि याच कडक कायद्यात दोन खिडक्या आहेत. कलम ६४अ म्हणतं की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर नशा केल्याबद्दल किंवा स्मॉल क्वांटिटीबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सूट काढून घेता येते. कलम ३९ त्याच्या पुढचं, दोषी ठरल्यावर सुद्धा कोर्ट त्याच्या संमतीनं, बाँड घेऊन उपचाराला सोडू शकतं. फरक एवढाच की मायामीत जज स्वतः मागं लागतो, इथं बहुतेक वेळा तुमच्या वकिलानं अर्ज केला तरच फाईल हलते, आणि किती वकील करतात हे कोर्टात चार दिवस बसला की कळतंय. चोरीला मात्र या खिडक्या चालत नाहीत.

हे सगळं ऐकून दोस्त गप्प झाला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, आमच्या गल्लीतलं एक पोरगं हाय, दीडशे ग्रॅम गांजा सापडलाय, सोमवारी तारीख हाय. म्हटलं मग कबूल करून दंड भरून मोकळं व्हायचा सल्ला कुणी देत असेल तर आधी थांबव त्याला, दंड भरला तरी दोषी म्हणून नोंद राहते. सोमवारच्या आधी सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाल्यांना दाखवून केसपेपर काढा, खाजगी केंद्रात टाकायचं असलं तर सरकारमान्य हाय का ते पहिलं विचारा, नायतर व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४४६ ला फोन लावा. तो म्हणाला, पोराचा बा तयार होईल का बघतो.