रांगेत आधी कोण उभं राहतं?

केवायसीचे नियम घट्ट होण्याआधी बँकेत बचत खातं उघडायचं तर फॉर्मवर ओळख देणाऱ्या जुन्या खातेदाराची सही लागायची. शेजारचे काका, दुकानाचे मालक, भिशीतली मैत्रीण, कोणीतरी आपला खाते क्रमांक लिहून सही करायचं आणि तो फॉर्म फायलीत पडून राहायचा. २००१ साली गुजरातमधल्या एका सहकारी बँकेत ठेवी काढायला झुंबड उडाली. तेव्हा याच सह्यांच्या आधारे राजकमल अय्यर आणि मंजू पुरी या दोन अर्थतज्ज्ञांना एका जुन्या प्रश्नाचा माग काढता आला: बँक बुडणार अशी आवई उठली की पैसे काढायला आधी कोण धावतं, आणि कोण थांबतं?

प्रसंग मार्च २००१ चा. अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक कोलमडली. शेअर दलालांना तिने मर्यादेबाहेर कर्जं दिली होती, बाजार पडला आणि ते पैसे अडकले. बातमी फुटताच गुजरातभरातल्या सहकारी बँकांच्या ठेवीदारांच्या पोटात गोळा आला. अय्यर आणि पुरी यांनी अभ्यासासाठी घेतलेल्या बँकेचे माधवपुरात पैसे अडकलेले नव्हते. तिचा कारभार ठीक होता, तरीही तिच्या दारात गर्दी झाली.

चांगल्या बँकेच्या दारातही गर्दी का होते, हे १९८३ साली डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी एका छोट्या गणितातून दाखवलं होतं. ते गणित आकड्यांत मांडून पाहण्यासारखं आहे. (आकडे माझे, युक्तिवाद त्यांचा.)

समजा, एका बँकेत १०० ठेवीदार आहेत आणि प्रत्येकाचे १,००० रुपये आहेत. म्हणजे ठेवी एक लाखाच्या. बँकेने २० हजार रोख ठेवले आणि ८० हजार एका कारखान्याला पाच वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. एरवी दर महिन्याला दहा-पंधरा लोक पैसे काढतात, तेवढेच नव्याने भरतात. सगळं सुरळीत चालतं, व्याजही मिळतं. आता काही कारणाने शंभरच्या शंभर लोक एकाच दिवशी आले. यंत्रं बसवून झालेल्या कारखान्याकडून कर्ज उद्याच परत मागता येत नाही. ते दुसऱ्या कोणाला घाईघाईने विकलं तर समजा ५० हजारच हाती येतात. रोकड धरून झाले ७० हजार. पहिल्या ७० जणांना पुरते पैसे मिळतात, शेवटच्या ३० जणांना छदामही नाही.

आता यातल्या एका ठेवीदाराच्या जागी उभं राहून विचार करा. बाकीचे येणार नाहीत असं वाटत असेल, तर घरी बसणं शहाणपणाचं. बाकीचे येणार असं वाटत असेल, तर पहाटे जाऊन नंबर लावणं शहाणपणाचं. बँक चांगली की वाईट, हा प्रश्न इथे आलाच नाही. दुसरे काय करतील याच्या अंदाजावर दोन्ही शेवट उभे आहेत, आणि दोन्ही वेळा माणसं अक्कल शाबूत ठेवूनच वागत आहेत. अशा गर्दीला ‘घबराट’ म्हणून मोकळं होण्याची सवय आपल्याला वर्तमानपत्रांनी लावली आहे. मला ती अन्यायाची वाटते. ज्याची आयुष्याची पुंजी एकाच बँकेत आहे, तो रांगेत उभा राहतो तेव्हा तो वेडा झालेला नसतो.

डायमंड आणि डिबविग यांना २०२२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्यासोबत बेन बर्नान्की होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत हजारो बँका बंद पडल्या, तेव्हा बुडालेल्या ठेवींइतकंच दुसरंही काही नाहीसं झालं, हे बर्नान्कींनी दाखवलं होतं: कोणता व्यापारी सचोटीचा, कोणाला कर्ज द्यावं, याचं बँकांनी वर्षानुवर्षं जमवलेलं ज्ञान. ते पुन्हा उभं राहायला वेळ लागतो, आणि तोवर धंदे कर्जाविना अडून राहतात.

पण डायमंड-डिबविग यांच्या गणितातले शंभरही ठेवीदार एकसारखे आहेत. खरे ठेवीदार तसे नसतात, आणि म्हणून गुजरातचा अभ्यास मला इतका मोलाचा वाटतो. त्या बँकेकडून प्रत्येक खात्यातून कोणत्या मिनिटाला पैसे निघाले याची नोंद मिळाली. खातं किती जुनं, ठेव किती, कर्ज आहे का, पत्ता कुठला आणि ओळख कोणाची, हेही मिळालं. एकाच माणसाच्या ओळखीने खाती उघडलेल्या लोकांचा गट म्हणजे नात्यागोत्याचं, मैत्रीचं तयार जाळंच. साथीचा रोग माणसागणिक कसा पसरतो हे मोजायच्या पद्धती या दोघांनी त्या जाळ्याला लावल्या.

निघालं ते असं. तुमच्या ओळखीच्या गटातल्या किंवा मोहल्ल्यातल्या बऱ्याच लोकांनी पैसे काढले असतील, तर तुम्हीही काढण्याची शक्यता वाढते. बँक बुडाली तर ठेवीदाराला ठरावीक रकमेपर्यंत भरपाई देणारा ठेवविमा असतो; त्याच्या मर्यादेपेक्षा ज्यांची रक्कम मोठी होती ते जास्त धावले. ही मर्यादा तेव्हा एक लाख होती. पण ज्यांची सगळी रक्कम विम्यात बसत होती, त्यांतलेही काही धावलेच. याउलट, ज्यांचं खातं जुनं होतं ते थांबले. ज्यांनी बँकेकडून कर्ज घेतलं होतं तेही थांबले. कर्जाच्या निमित्ताने मॅनेजरसमोर बसलेला, कागदपत्रं घेऊन चार खेपा घातलेला माणूस बँकेला आतून ओळखत असावा, असा माझा तर्क. आणि जे गेले, ते बहुतेक परत आलेच नाहीत. बँक तगली, पण आवईने तोडलेली नाती तुटलेलीच राहिली.

याच्या जोडीला आणखी एक अभ्यास ठेवावासा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये आयरिश स्थलांतरितांसाठी १८५० साली एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक स्थापन झाली होती. १८५४ आणि १८५७ साली तिथे ठेवी काढायला गर्दी झाली. मॉर्गन केली आणि कॉर्मॅक ओ’ग्राडा यांनी जुन्या खातेवह्या चाळल्या, तेव्हा कोण घाबरलं आणि कोण नाही हे ठरवणारी मोठी गोष्ट निघाली आयर्लंडमधली मूळ काउंटी, म्हणजे जिल्हा. न्यूयॉर्कमध्ये येऊनही माणसं आपल्या मुलखाच्या लोकांशेजारी राहत होती आणि बातमी त्यांच्याकडूनच ऐकत होती. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या एकाच गावची माणसं एका खोलीत कशी राहायची हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

झुंबड थांबवायची कशी? डायमंड-डिबविग यांनी दोन उपाय तपासले. पहिला, काही काळ पैसे देणं बंद करायचं. किती लोकांना खरोखरची गरज आहे हे बँकेला आधी माहीत असेल तर हा उपाय चालतो. तेवढे पैसे द्यायचे आणि खिडकी बंद करायची. पण कोणाच्या घरी ऑपरेशन आहे, कोणाच्या मुलीची फी भरायची आहे, हे खिडकीतून दिसत नाही. दुसरा उपाय ठेवविम्याचा. पैसे मिळणारच अशी खात्री असेल तर धावण्याचं कारणच उरत नाही, आणि कोणी धावलं नाही तर निव्वळ धावपळीने बँक बुडतही नाही. लोकांनी विश्वास ठेवला तर हा विमा वापरावाच लागत नाही.

आपल्याकडे हा विमा आला तो दोन धक्क्यांनंतर. १९६० साली केरळमधली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. १९६१ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळालं. सहकारी बँकांसाठी त्याची वाट १९६८ च्या दुरुस्तीने मोकळी झाली. १९९३ साली मर्यादा एक लाख झाली, आणि त्यानंतर तब्बल २७ वर्षं हललीच नाही.

ती हलली पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेनंतर. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने भांडुपला मुख्यालय असलेल्या या बँकेवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खात्यातून १,००० रुपयेच काढता येतील असं जाहीर केलं. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. इथे गोष्ट आवईची नव्हती. एका बांधकाम समूहाला दिलेलं प्रचंड कर्ज हजारो बनावट खात्यांमागे दडवलं होतं, म्हणजे रांग लागण्याआधीच पैसे गेले होते. धडधाकट बँकेवरची झुंबड आणि पोखरलेल्या बँकेवरची झुंबड बाहेरून सारखीच दिसते. ठेवीदाराला फरक कळायला मार्ग नसतो, आणि बनावट ताळेबंद लिहिणाऱ्याचा खरा गुन्हा मला इथे दिसतो. देशात सर्वांत जास्त नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. ओळखीपाळखीवर उभं असणं हेच त्यांचं बळ. एका बँकेने ते बळ नासवलं की शेजारच्या प्रामाणिक बँकेलाही त्याची किंमत मोजावी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये विमा पाच लाखांचा झाला. पीएमसीचं विलीनीकरण मात्र जानेवारी २०२२ मध्ये झालं, म्हणजे निर्बंधांनंतर दोन वर्षांहून जास्त काळाने.

त्याच्याशेजारी येस बँकेचं उदाहरण ठेवा. ५ मार्च २०२० ला ५० हजारांची मर्यादा आली, आणि स्टेट बँकेसह इतरांनी भांडवल घालून १८ मार्चला ती उठलीसुद्धा. पण त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही असं मला वाटतं. फोनपेचे व्यवहार येस बँकेमार्फत होत, ते अडकले. ज्यांचं येस बँकेत खातंच नव्हतं, अशांच्याही फोनवरून पैसे जाईनात. चहावाला, भाजीवाली, रिक्षावाला यांच्या रोजच्या देण्याघेण्याची वाट एका बँकेतून जात होती. बँक आणि पेमेंटची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून शिकवल्या जातात. त्या दिवशी त्या एकच होत्या.

आणि पेमेंटचा वेग वाढला तसा झुंबडीचाही वाढला. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या बहुतेक ठेवी विम्याच्या मर्यादेबाहेर होत्या, आणि ठेवीदार एकमेकांना ओळखणारे स्टार्टअपवाले आणि त्यांचे गुंतवणूकदार. व्याजदर चढले, बँकेकडच्या सरकारी रोख्यांची किंमत उतरली, तोटा जाहीर झाला. ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर बाहेर गेले, म्हणजे एकूण ठेवींचा जवळपास चौथा हिस्सा. दुसऱ्या दिवशी बँक बंद. गर्दीचा मोठा भाग फोन आणि संगणकावर होता. एकमेकांच्या ओळखीतून पसरण्याची रीत मात्र न्यूयॉर्कच्या आयरिश मजुरांचीच.

पूर्वी रात्र आणि रविवार यांची आपोआप मदत व्हायची. मार्च १९३३ मध्ये रुझवेल्ट यांनी अमेरिकेतल्या सगळ्या बँका आठवडाभर बंद ठेवल्या, हिशेब तपासले, रेडिओवरून लोकांना साध्या भाषेत समजावलं, आणि बँका उघडल्यावर लोकांनी रांगा लावून पैसे परत भरले. घरात साठवलेली निम्म्याहून अधिक रोकड दोन आठवड्यांत बँकेत आली. आज आपल्याकडे यूपीआय अहोरात्र चालतं, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू आहे. सामान्य माणसासाठी ही फार मोठी सोय आहे आणि ती राहायलाच हवी. पण फोनवर पाच मिनिटांत उघडलेल्या खात्याला ना ओळख देणारा असतो, ना मॅनेजरशी बोलणं. लोकांना थांबवून धरणारी जी गोष्ट गुजरातमध्ये सापडली होती, तीच इथे विरळ होते. मग भार पडतो विम्यावर.

विम्याचा भार वाढवला की दुसरा प्रश्न उभा राहतो. आस्ली देमिरग्युच-कुन्त आणि एन्रिका देत्राजाके यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासली. जिथे देखरेख ढिली, तिथे ठेवविम्यामुळे बँका उलट जास्त धोका पत्करतात आणि संकटाची शक्यता वाढते, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदार नाही. शंभर रुपयांमागे वर्षाला १२ पैसे, हाच दर सांभाळून चालणाऱ्या बँकेलाही होता आणि बेदरकार बँकेलाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जोखमीनुसार हप्ता ठरवण्याचं सूतोवाच केलं. ते फार पूर्वीच व्हायला हवं होतं.

ठेवीदाराने मात्र एक बारकावा लक्षात ठेवावा: पाच लाख हे मुद्दल आणि व्याज मिळून आहेत, आणि एका बँकेतल्या आपल्या नावावरच्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी त्यासाठी एकत्र धरल्या जातात. चार लाख नव्वद हजारांची मुदत ठेव व्याजासह पाच लाख वीस हजारांची झाली, तर वरचे वीस हजार विम्याबाहेर.

गुजरातेत पूर्ण विमा असलेलेही धावले, त्यामागे विम्याचे पैसे हाती पडायला लागणारा विलंब हे एक कारण असणार. रक्कम कागदावर सुरक्षित होती, पण ती मिळायला महिनोन्महिने, कधी वर्षंही लागत. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध घातल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याचं बंधन आलं. ही मोठी सुधारणा आहे. पण युरोपीय संघात हीच मुदत आता सात कामकाजाच्या दिवसांची आहे, आणि सिलिकॉन व्हॅली बँक शुक्रवारी बंद झाली तरी ठेवीदारांना सोमवारी पैसे मिळू लागले. आपल्याकडच्या ९० दिवसांपैकी पहिले ४५ बँकेने ठेवीदारांची यादी आणि रकमा ठेवविमा महामंडळाला कळवण्यासाठी आहेत. कोअर बँकिंग (सगळ्या शाखांची खाती एकाच संगणक प्रणालीत) असलेल्या बँकेत ही यादी रोज रात्री तयार ठेवता येईल, आणि तसं बंधन घालायला रिझर्व्ह बँकेने बँक अडचणीत येण्याची वाट पाहू नये.