रेबीजची लस आणि रेबीजचे सीरम

कुत्रा चावल्यावर ‘इंजेक्शन घेतले’ असे सांगणारी माणसे ठाण्यात, कळव्यापासून घोडबंदर रोडपर्यंत, सगळीकडे भेटतात. पण कोणते इंजेक्शन, असे विचारले की बहुतेकांना सांगता येत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचा रेबीजशी संबंध नाही. उरतात ती दोन, लस आणि सीरम. त्यांची गल्लत जिवावर बेतू शकते, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

लशीत निष्क्रिय केलेला विषाणू असतो. त्याची ओळख पटली की शरीर स्वतः प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिने, तयार करू लागते, मात्र ती पुरेशी व्हायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. सीरममध्ये प्रतिपिंडे आयतीच असतात. घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून ती वेगळी काढलेली असतात आणि विषाणू जिथून शिरला तिथेच ती त्याला निकामी करतात, पण त्यांचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो. चाव्यातून आलेला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, म्हणून लशीचा परिणाम सुरू होईपर्यंत जखमेवर पहारा ठेवण्याचे काम सीरमचे आहे. पुढचे संरक्षण लशीचेच.

लस दंडात देतात, कमरेत कधीच नाही. त्वचेत द्यायची असेल तर पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी, आणि स्नायूत द्यायची असेल तर १४व्या दिवशीही. सीरम एकदाच, जखमेच्या कडांत आणि तळाशी भरले जाते. त्याची मात्रा वजनावर ठरते: घोड्याच्या सीरमची किलोमागे ४० युनिट, मानवी सीरमची २०. ती ओलांडली तर लशीचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून जखमा अनेक असल्यास सीरम सलाइनमध्ये पातळ करून सर्व जखमांना पुरवतात. ओठावर किंवा बोटाच्या टोकावर चावा असेल तर सुई पुन्हा पुन्हा टोचावी लागते, मूल कळवळते, आणि आईवडील काकुळतीने म्हणतात, ‘राहू द्या डॉक्टर, लस दिली ना.’ त्यांची घालमेल समजते, पण नेमके इथेच मन घट्ट करायला हवे.

रक्त निघालेला चावा किंवा ओरखडा, उघड्या जखमेवर किंवा तोंडाडोळ्यांत गेलेली लाळ, यांसाठी दोन्ही लागतात. रक्त न आलेल्या किरकोळ ओरखड्याला सहसा लस पुरते. अखंड त्वचेवर कुत्र्याने नुसते चाटले तर दोन्हींची गरज नसते. त्या दिवशी सीरम मिळाले नाही तर लस लगेच सुरू करावी आणि पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत सीरम घ्यावे. त्यानंतर त्याचा उपयोग नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्यांनी आधीच लस पूर्ण घेतलेली असेल, तर चाव्यानंतर त्यांना सीरम लागत नाही, ० आणि ३ऱ्या दिवशी लशीचे दोन डोस पुरतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे मात्र कोणालाच सुटलेले नाही. हळद, मिरची, चुना यांतले काहीही लावू नये.

पाळीव कुत्र्याला नियमित लस दिलेली असली, तरी तो चावल्यावर उपचार थांबवू नयेत. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. तो निरोगी राहिला तर उरलेल्या डोसांचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा.