फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी तिथी बघा

फेब्रुवारीतली पौर्णिमा होती, रविवार होता, आणि पक्षी बघायचे तर पहाटेच असं सगळेच सांगतात म्हणून आम्ही चौघं ठाण्याहून निघून उजाडता उजाडता ऐरोलीच्या खाडीवर हजर. फ्लेमिंगो दिसले की! म्हणजे चिखलाच्या पार पलीकडे गुलाबी पेन्सिलीने मारल्यासारखी एक रेघ दिसली, दुर्बीण लावल्यावर कळलं की रेघ हलतेय. भाचा म्हणाला, मामा, रीलमध्ये तर जवळ दिसतात. आठ वाजता कंटाळून निघालो, तर होडी धुणारे एक कोळी काका म्हणाले, आता कुठे चाललात, पाणी चढलं की तेच येतील तुमच्याकडे.

पहाटेचा नियम खोटा नाहीये, पण तो जंगलाचा आहे. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात सकाळी हवा थंड आणि शांत असते, आवाज लांब जातो, पक्षी गाऊन घेतात आणि ऊन चढलं की गप्प होतात, तिथे साडेसहाला पोचलात तर तांबट, हळद्या, धनेश, नशीब असेल तर हरियाल. खाडीतल्या पक्ष्यांना मात्र सूर्याचं फारसं काही पडलेलं नसतं, त्यांचं ताट म्हणजे चिखल आणि ते ताट मांडणारा-उचलणारा चंद्र. म्हणून ते रात्रीसुद्धा चरतात.

ओहोटी लागली (कोळी सुकती म्हणतात) की चिखल उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने आत सरकत जातात. टिलव्याचे पाय बोटभर, त्यामुळे तो कडेलाच पळापळ करतो. पाणटिवळ्याची चोच लांब, तो खोल चिखलातले किडे काढतो. फ्लेमिंगो मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चोचीतल्या चाळणीतून बारीक शेवाळ गाळून घेतो. पाणी चढलं की हाच सगळा गोतावळा मागे मागे ढकलला जातो, अगदी काठापर्यंत, आणि चिखल बुडाला की उडून नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या तळ्यांवर जाऊन एका पायावर झोपतो.

मग भरती किती वाजता? कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी म्हणजे तीन वाजता भरती, अष्टमी म्हणजे सहा, दशमी म्हणजे साडेसात, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस घरच्यांना पिडलं होतं, कारण यात खगोलशास्त्र अख्खं बसलंय. तिथी म्हणजे दुसरं काही नाही, चंद्र आणि सूर्य यांच्यात वाढत जाणारं १२ अंशांचं अंतर. ३६० अंशांना २४ तास, तर १२ अंशांना ४८ मिनिटं, म्हणजे चंद्र रोज साधारण तेवढा उशिरा डोक्यावर येतो आणि भरती पण तेवढीच पुढे सरकते. कोळ्यांनी ४८ ची ४५ केली, पाऊण तास, तोंडी हिशोबाला सोपं. रोजची ३ मिनिटं साचून १५ दिवसांत ४५ होतात, म्हणून पौर्णिमेला हिशोब सव्वाअकरा सांगतो आणि भरती येते बाराच्या आसपास.

आता जरा डोकं लावा. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १७८ पट ओढतो, तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्यालाही पोचत नाही. कारण भरती ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. चंद्राकडची बाजू पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढली जाते, पलीकडची कमी, म्हणून पाणी दोन्हीकडे फुगतं आणि दिवसातून दोनदा भरती येते. हा फरक अंतराच्या घनाने कमी होतो आणि सूर्य आहे चंद्राच्या जवळजवळ ३९० पट लांब, तिथे तो मार खातो. (खऱ्या समुद्रात मध्ये जमीन येते, खोली बदलते, ते प्रकरण वेगळंच.) अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत आले की उधाण, मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढउतार करतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, तेव्हा दीड मीटरवर भागतं.

म्हणजे आमचं चुकलं कुठे? पौर्णिमेची भरती बाराला, तर ओहोटी सहाला, आणि ती पण उधाणाची, पाणी सगळ्यात लांब गेलेलं. आम्ही बरोबर त्याच वेळेला गेलो होतो.

पुढच्या महिन्यात मुद्दाम अमावस्या निवडली. आई म्हणाली, अवसेला पाण्याकडे जाऊ नये. त्या म्हणीत उधाणाच्या भीतीचा अंश असेलही, भुताचा नाही. सुपरमूनला (चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाची पौर्णिमा) प्रलय येणार म्हणून फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनाही तेच सांगेन, पाणी नेहमीच्या उधाणापेक्षा थोडं जास्त चढतं, बास. पहाटे येऊर केलं, नऊच्या सुमाराला ऐरोली, आणि साडेनऊ-दहाला फ्लेमिंगो इतके जवळ की चोचीचा काळपट लाल रंग दुर्बिणीशिवाय दिसत होता. खाडीच्या आतल्या टोकाला भरती मुंबई बंदरापेक्षा थोडी उशिरा पोचते, तेवढी सवलत धरायची. मग ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ, तिथून रिक्षा, बाराला तळ्यावर. शेकाटे, सुरय, आणि झोपलेले फ्लेमिंगो. भाच्याने शंभरपर्यंत मोजले आणि सोडून दिलं.

हे सगळं नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात भाच्याला कर्नाळ्याला नेणार आहे तिबोटी खंड्या दाखवायला. त्याला तिथी लागत नाही, फक्त रेनकोट आणि जळवांसाठी मीठ.