कांद्याची ट्रॉली आणि चौकोन-बाणांचं चित्र

सॉफ्टवेअर आर्किटेक्चरचा, म्हणजे प्रणालीच्या रचनेचा, विषय निघाला की सर्व्हर, क्लाउड, एपीआय सुरू होतं आणि बिझनेस ॲनालिस्ट, म्हणजे ग्राहकाचं काम समजून घेऊन गरजा लिहून देणारा माणूस, वही मिटून बसतो. खरं तर निम्मा आराखडा त्याच वहीत असतो.

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या बाजार समितीसाठी कांदा लिलावाची प्रणाली करायची आहे. लासलगाव धरा, नाहीतर पिंपळगाव. पहिलं चित्र सोपं: मधे एक चौकोन, तो म्हणजे आपली प्रणाली. बाहेर शेतकरी, व्यापारी, समितीचं कार्यालय, बँक, भुईकाटा (अख्खी ट्रॉली तोलणारा काटा). बाणांवर मात्र नुसतं ‘माहिती’ असं लिहू नये. सौदापट्टी (ठरलेल्या भावाची चिठ्ठी), वजन, हिशोबपट्टी अशी नावं लिहावीत. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट सायमन ब्राऊन यांच्या सी-फोर (C4) पद्धतीत चित्रांच्या चार पातळ्या आहेत. ही त्यातली पहिली. दुसरीत चौकोन उघडून मोबाइल ॲप, कार्यालयाचं वेबपान, डेटाबेस दाखवतात. त्याखालच्या दोन पातळ्या प्रोग्रामरवर सोडलेल्या बऱ्या.

आता ट्रॉलीच्या मागे चालत जाऊ. बोली लागली, सौदापट्टी फाडून दिली. भरलेली ट्रॉली काट्यावर, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या जागी, खाली, आणि रिकामी पुन्हा काट्यावर. म्हणजे निव्वळ वजन दोन नोंदींतून निघतं आणि मधल्या वेळात व्यवहार अर्धवट उघडा राहतो. हा क्रम उभ्या रेघा आणि आडव्या बाणांनी काढला की डेटाबेसला ‘वजन अपूर्ण’ अशी अवस्था लागणार, हे कागदावरच कळतं.

खरी परीक्षा वांध्याची, म्हणजे सौद्यानंतरच्या तक्रारीची. खळ्यावर माल ओला निघाला, व्यापारी भाव कमी करायचा म्हणतो. प्रणालीत भाव बदलताच येत नसेल, तर कारकून पेनाने खोडणार. सरळ बदलता येत असेल, तर शेतकऱ्याचा विश्वास गेला! माझ्या मते मूळ बोली तशीच ठेवावी. नवा भाव, कारण आणि दोघांची संमती वेगळ्या नोंदीत घ्यावी. हे कोड वाचून कुणाला सुचणार नाही.

सॉफ्टवेअर अभियंता फिलिप क्रुख्तेन यांनी 1995 मध्ये आर्किटेक्चर चार बाजूंनी दाखवावं आणि पाचव्या, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगांच्या बाजूने ते तपासावं, असं मांडलं. ॲनालिस्टची जागा या पाचव्या बाजूला. आवारात रेंज गेली तर बोली कुठे साठवायची, ते प्रोग्रामर ठरवेल. किती वेळ साठवून चालेल, हे मात्र ॲनालिस्टनेच लिहून द्यायचं: ट्रॉली काट्यावर पोचेपर्यंत.